आतली कड

रविवारची संध्याकाळ होती. आज्जी ओट्यावर वाती वळत बसली होती. फाटकाशी गाडी थांबली, दोनदा हॉर्न वाजला आणि धाकटा नातू मोठ्या ऐटीत खाली उतरला. आज्जीनं चष्मा वर सरकवला, गाडीकडे नीट निरखून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, ‘अरे, चारही टायर एकदम पंक्चर झाले की काय?’

सगळं घर हसलं. धाकटाही हसला, पण जरा नाराजीनंच. कारण ही त्याच्या पहिल्या नोकरीतल्या बचतीची कमाई होती. गाडी जमिनीला टेकल्यासारखी खाली बसवलेली, जुन्या चाकांच्या जागी चकचकीत अलॉयच्या रिमा, त्यांवर रुंद आणि बुटके टायर. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये पूर्वी हाताचा पंजा सहज जाई, तिथे आता दोन बोटं कशीबशी जात होती.

बडोद्याच्या दांडिया बाजारात तीन पिढ्या काढलेलं हे मराठी कुटुंब आता शहराच्या कडेला छोट्या बंगल्यात राहतं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मभर स्कूटर चालवली. गाडी खरी आईची. शाळेत भूमिती शिकवणाऱ्या आईनं 2012 साली स्वतःच्या पगारातून हप्ते भरून ती मारुती स्विफ्ट घेतली, ड्रायव्हिंग शिकली आणि पुढची दहा वर्षं तीच ती चालवत होती. 2022 साली धाकट्याला हालोलच्या कारखान्यात नोकरी लागली. रोजचं जाणं-येणं ऐंशी किलोमीटरचं. मग गाडी आपसूक त्याच्याकडे गेली. दिवाळीनंतर त्यानं विचारलं, ‘आई, गाडी थोडी माझ्यासारखी करून घेऊ?’ आई म्हणाली, ‘तुझ्या पैशानं करतोयस ना? कर.’

‘माझ्यासारखी’ म्हणजे कशी, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आईच्या हाताला कळलं

गाडी खाली बसवण्याचे दोन मार्ग असतात. एक महागडा. मुद्दाम तयार केलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअब्सॉर्बर घालायचे. दुसरा स्वस्त. आहे तीच स्प्रिंग काढून ग्राइंडरनं तिचे एक-दोन वेढे कापायचे आणि पुन्हा बसवायची. धाकट्यानं दुसरा मार्ग धरला होता. गॅरेजवाल्यानं दोन हजार रुपये घेतले, अर्ध्या दिवसात काम उरकलं आणि सांगितलं, ‘आता फक्त व्हील अलाइनमेंट करून घे, म्हणजे झालं.’

धाकट्यानं त्याच दिवशी अलाइनमेंट करून घेतली. मशीनमधून रंगीत कागद निघाला. त्यावर काही चौकटी हिरव्या होत्या, दोन लाल. ‘हे लाल काय?’ असं त्यानं विचारलं, तेव्हा मशीनवरचा पोरगा म्हणाला, ‘तो कॅम्बर. या गाडीत तो बसवता येत नाही. टो हिरवा आहे ना, मग चिंता नको.’ धाकट्यानं कागद घडी करून खिशात टाकला.

जानेवारीत एकदा धाकटा तापानं पडला आणि आई गाडी घेऊन शाळेत गेली. संध्याकाळी आली ती गप्प गप्प. जेवताना म्हणाली, ‘गाडीचं काहीतरी बिघडलंय.’

‘काय बिघडलंय?’

‘सरळ जायला स्टिअरिंग किंचित डावीकडे धरून ठेवावं लागतं. सोडलं की गाडी उजवीकडे जाते. साठच्या पुढे गेलं की खालून घूं घूं असा आवाजही येतो.’

‘आई, टायर रुंद आहेत, म्हणून तसं वाटतं,’ धाकटा म्हणाला. बाबांनी पेपरातून मान वर न करता पुस्ती जोडली, ‘बरेच दिवसांनी चालवलीस ना, सवय मोडली असेल.’

आईनं वाद घातला नाही. पण तिच्या म्हणण्यातली खोच दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवलेला असतो. त्यामुळे नीट असलेल्या गाडीचं स्टिअरिंग क्षणभर सैल सोडलं, तर ती झालीच तर डावीकडे, उताराच्या बाजूला झुकते. ही गाडी उतार सोडून चढाकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला सरकत होती. दहा वर्षं त्याच स्टिअरिंगवर फिरलेल्या हाताला हा फरक कळला होता. घरातल्यांनी मात्र तो सवयीच्या खात्यावर टाकला.

आज्जीची तक्रार वेगळी होती. गाडीत शिरताना तिला विहिरीत उतरल्यासारखं वाटे आणि बाहेर पडताना दोघांनी ओढून काढावं लागे. शिवाय प्रत्येक खड्डा थेट कमरेत येऊन बसे. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा दीड वेढा कापला, तर उरलेली स्प्रिंग सुमारे एक तृतीयांशानं अधिक कडक होते. वेढे कमी, तेवढी लवचिकता कमी. शिवाय खाली-वर व्हायला जागाही कमी उरते. मग धक्का स्प्रिंगनं गिळायचा तो रबरी गुटख्यावर आदळतो आणि तिथून माणसाच्या मणक्यावर. आज्जीला हे गणित ठाऊक नव्हतं. ती एवढंच म्हणे, ‘यापेक्षा आमची बैलगाडी बरी होती.’

वघईचा थांबा

2023 च्या मे महिन्यात नाशिकला मामाच्या मुलीचं लग्न होतं. आज्जी, आई, बाबा, सासरहून आलेली ताई आणि गाडी चालवायला धाकटा, अशी पाच माणसं निघाली. डिकीत आहेराच्या बॅगा आणि लाडवांचे डबे. बडोद्याहून सुरत, चिखली, वांसदा, वघई आणि सापुताऱ्याचा घाट चढून नाशिक. चारशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता.

चिखलीला महामार्ग सोडल्यावर पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं गेलं. नंतर प्रत्येक गावात तेच. स्विफ्टचं पोट जमिनीपासून 170 मिलिमीटर वर असतं, पण ते रिकाम्या गाडीचं माप. स्प्रिंग कापून त्यातले पंचेचाळीस गेले. बुटक्या टायरनं आणखी बाराएक खाल्ले. त्यावर पाच माणसं आणि सामान. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे नेहमीचा गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला हवा. गावोगावचे गतिरोधक मानक विचारून बांधलेले नसतात. शेवटी प्रत्येक गतिरोधकाआधी ताई आणि बाबा खाली उतरायचे आणि तो ओलांडला की परत बसायचे, अशी कवायत सुरू झाली. आज्जीला हसू आवरेना. धाकटा मात्र घामाघूम.

वघईला चहासाठी थांबले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रस्ता तव्यासारखा तापला होता. इथून पुढे जंगलातली वळणं आणि मग घाट. चहा घेता घेता आईची नजर शेजारच्या पंक्चरच्या टपरीकडे गेली. ती उठली आणि पंक्चरवाल्याला म्हणाली, ‘भाई, जरा टायर बघता का? गाडी फार आवाज करतेय.’

‘आई, टायर सहा महिन्यांचे आहेत,’ धाकटा बसल्या जागेवरून म्हणाला. खोटं नव्हतं ते. बाहेरून पाहिलं तर टायरची नक्षी ठळक दिसत होती. बाहेरच्या कडेवर तर रबराचे केसही शिल्लक होते.

पंक्चरवाल्यानं बाहेरून पाहिलंच नाही. त्यानं स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं, उकिडवा बसला आणि चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला. दुसऱ्याच क्षणी झटका बसल्यासारखा मागे घेतला. त्याच्या बोटावर रक्ताचा थेंब होता.

‘बेन, आ जुओ,’ तो म्हणाला.

आई वाकली. टायरच्या आतल्या कडेला नक्षी नव्हतीच. दोन बोटं रुंदीचा गुळगुळीत पट्टा सगळीकडे फिरला होता. त्या पट्ट्यातून रबर फाटून पोलादी तारांची टोकं बाहेर आली होती. दुसरं पुढचं चाक पाहिलं. तिथे तारा नुकत्याच डोकावू लागल्या होत्या.

आपल्या नियमांप्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी कमीत कमी 1.6 मिलिमीटर खोल असायला हवी. इथे खोलीचा प्रश्नच उरला नव्हता. तापलेला रस्ता, भरलेली गाडी, पुढे घाटाची वळणं, आणि टायर तारांवर आलेला. तो फुटला असता, तर कुठल्या वळणावर फुटला असता, हा विचार त्या टपरीसमोर उभ्या असलेल्या पाचही जणांच्या मनात एकाच वेळी आला असावा. कुणी बोललं नाही. आज्जीनं फक्त हात जोडले.

स्टेपनी होती, पण एकच. तीही जुन्या उंच टायरची. आणि निकामी टायर दोन. त्या मापाचा टायर वघईत मिळण्यासारखा नव्हता. शेवटी आज्जी, आई, बाबा आणि ताई नाशिककडे जाणाऱ्या बसमध्ये बसले. लाडवांचे डबे मांडीवर घेतले. धाकटा गाडीपाशी थांबला. रात्र त्यानं टपरीबाहेरच्या बाकावर काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलीहून टायर आले. तो नाशिकला पोचला तेव्हा मांडवात शेवटची पंगत चालली होती. लहानपणापासून ‘माझ्या लग्नात अंतरपाट तूच धरायचा’ असं सांगत आलेल्या मामेबहिणीचा अंतरपाट दुसऱ्याच कुणी धरला होता.

आईनं त्याच्यासाठी ताट बाजूला काढून ठेवलं होतं. ती काही बोलली नाही. तो जेवत असताना समोर बसून राहिली.

हिरवं आणि लाल

बडोद्याला परतल्यावर आईनं चौकशी करून एका जुन्या मिस्त्रींचा पत्ता काढला. पूर्वी ते दोरी आणि पट्टी घेऊन चाकं जुळवायचे. आता त्यांचा पुतण्या कॅमेरेवालं मशीन चालवतो. मिस्त्रींनी मात्र मशीन सुरू करण्याआधी चारही टायरची हवा तपासली, खालचे सांधे हलवून पाहिले आणि खिशातून टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजल्या. पुढची डावी बाजू उजवीपेक्षा नऊ मिलिमीटर खाली होती.

‘दीकरा, दोन्हीकडची स्प्रिंग सारखी कापलेली नाही,’ ते म्हणाले. ‘कापलेलं टोक बशीत नीट बसलेलं नाही. नंतर सरकलं आणि गाडी आणखी बसली. तू अलाइनमेंट केलीस ती त्याआधी.’

मग मशीन लागलं. पडद्यावर आकडे आले. या वेळी टोसुद्धा लाल होता.

मिस्त्रींनी आईला समजावलं ते असं. चाक जुळवताना मुख्य तीन कोन पाहतात. पुढून पाहिलं तर चाक उभं आहे की वरून आत-बाहेर कललेलं, तो कॅम्बर. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं समांतर आहेत की फाकलेली किंवा जुळलेली, तो टो. आणि बाजूनं पाहिलं तर चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे किती झुकलेला, तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, तसंच ते. या तिघांत टायर सगळ्यात जास्त खातो तो टो. कॅम्बर त्याला आतली कड दाखवून देतो.

धाकट्याच्या गाडीचं डावं चाक दोन अंशांहून जास्त आत कललेलं होतं. दोन अंश म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण साठ सेंटिमीटर उंचीच्या चाकाचं डोकं त्यामुळे दोन सेंटिमीटरनं आत जातं, आणि गाडीचा भार टायरच्या आतल्या कडेवर पडू लागतो. डावं चाक उजव्यापेक्षा जास्त कललेलं, म्हणून गाडी उजवीकडे ओढत होती. आईच्या हाताला जानेवारीत कळलं होतं, ते मे महिन्यात मशीननं सांगितलं.

टोचा हिशेब तर आईनं तिथेच पाठच्या कागदावर मांडला. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्या कडांपेक्षा सहा मिलिमीटरनं जास्त होतं. म्हणजे प्रत्येक चाक साठ सेंटिमीटरमागे तीन मिलिमीटर बाहेर पाहत होतं. गाडी सरळ जाणार, चाकाला मात्र बाजूला जायचं. मग ते घासत, फरफटत जाणार. किलोमीटरमागे पाच मीटर.

‘तू सहा महिन्यांत किती चालवलीस?’ तिनं विचारलं.

‘बारा हजार.’

‘चाकं अशीच फाकलेली राहिली असतील, तर त्यातले साठ किलोमीटर टायर आडवा फरफटत गेलाय. बडोद्याहून हालोल आणि परत अर्ध्या वाटेपर्यंत.’

दोन चाप

‘पण गाडी खाली घेतली की चाकं फाकतातच का?’ धाकट्यानं विचारलं. हा प्रश्न त्यानं सहा महिन्यांत पहिल्यांदाच विचारला होता.

मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर चढवून खालचे दोन दांडे दाखवले. एक लोअर आर्म. तो चाकाचं बूड गाडीला धरून ठेवतो. दुसरा टाय रॉड. तो स्टिअरिंगचा हुकूम चाकापर्यंत पोचवतो. दोघांचंही एक टोक गाडीला, एक चाकाला. चाक खाली-वर झालं की दोघांची चाकाकडची टोकं गोलाकार फिरतात.

आईनं ते पाहिलं आणि तिच्यातली शिक्षिका जागी झाली. ‘म्हणजे दोन चाप!’ ती म्हणाली. ‘कंपासचं टोक वेगळ्या जागी, त्रिज्या वेगळी. मग चाप सगळीकडे जुळणार कसे?’

अगदी तेच. गाडी तयार करणाऱ्यांनी ते दोन चाप नेहमीच्या उंचीच्या आसपास एकमेकांना जवळजवळ समांतर राहतील असे बेतलेले असतात. स्प्रिंग कापून गाडी चार-पाच सेंटिमीटर खाली आणली, की चाक चापाच्या अशा भागात जातं जिथे दोघांची वाट वेगळी होते. तिथे टाय रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो, आणि स्टिअरिंग न फिरवताही चाक वळतं. शिवाय प्रत्येक खड्ड्यावर ते पुन्हा थोडं वळतं. त्याच वेळी लोअर आर्म आडवा होत जातो, चाकाचं बूड बाहेर ढकलतो आणि चाकाचं डोकं आत येतं. त्यात पाच माणसं बसली की गाडी आणखी खाली, म्हणजे कोन आणखी बदललेले. रिकाम्या गाडीवर हिरवी आलेली चौकट भरलेल्या गाडीत हिरवी राहीलच असं नाही.

त्यावर उपाय नसतो असंही नाही. टो तर टाय रॉडच्या आट्यांवर बसवता येतो. कॅम्बरसाठी अशा गाड्यांमध्ये मुळात सोय नसते. त्यासाठी तिरकस बोल्ट घालावे लागतात आणि तेही थोडाच फरक सांभाळतात. मागची चाकं या गाडीत एकाच आडव्या दांड्याला जोडलेली असतात. तिथे बसवायला काही नसतंच. शर्यतीच्या गाड्या खाली बसवलेल्याच असतात. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्या पाहून किती तरुणांना तसं करावंसं वाटतं. पण त्यांच्या स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर, दांडे सगळं एकमेकांना जुळवून घेतलेलं असतं, कोन हवे तसे बसवता येतात आणि त्यांच्या वाटेवर गतिरोधक नसतो. आज्जीही नसते.

मिस्त्री हसत म्हणाले, ‘एक बदललं की चार बदलतात, दीकरा. ते चारही बदलायची तयारी असेल, तरच एकाला हात लाव.’

कप्प्यातला कागद

इतका वेळ बाबा बाकावर बसून होते. आता त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि मिस्त्रींपुढे धरला. नोव्हेंबरमधल्या अलाइनमेंटचा तोच रंगीत कागद. धाकट्याच्या पँटच्या खिशात धुवायच्या कपड्यांत तो सापडला होता. बाबांनी लाल चौकटी पाहिल्या होत्या. कागदपत्रांत जन्म गेलेल्या माणसाला लाल रंगाचा अर्थ कळत नाही असं थोडंच आहे? पण नोकरी लागल्यापासून मुलगा कधी नव्हे तो खुशीत होता. कशाला उगाच विरजण, म्हणून त्यांनी तो कागद टेबलाच्या कप्प्यात ठेवून दिला होता.

‘मी विचारायला हवं होतं,’ ते एवढंच म्हणाले.

लग्नाहून आल्यावर त्यांनी कायदाही पाहून ठेवला होता. मोटार वाहन कायदा 1988 च्या 52 व्या कलमानुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि गाडीची मालक कोण? आई! विम्याच्या दाव्याच्या वेळी असे बदल आडवे येऊ शकतात, तेही वेगळंच.

धाकट्यानं मान खाली घातली. पण आई त्याला रागावली नाही. ती म्हणाली, ‘मला वाईट टायरचं नाही वाटलं. जानेवारीत मी सांगत होते तेव्हा तुम्ही दोघांनीही गाडी एकदा थांबवून पाहिली नाही, त्याचं वाटलं.’

या वाक्याला दोघांकडेही उत्तर नव्हतं.

परत चार बोटं वर

नव्या स्प्रिंगा आल्या. कापलेली स्प्रिंग जोडता येत नाही, त्यामुळे चारही बदलाव्या लागल्या. मार खाऊन गळू लागलेले पुढचे शॉकअब्सॉर्बर बदलले. रुंद टायर रिमांसकट विकून टाकले आणि मूळ मापाचे घेतले. दोन हजारांत खाली गेलेली गाडी वर यायला धाकट्याचे चार महिने बचतीविना गेले. मिस्त्रींनी काम झाल्यावर लगेच अलाइनमेंट केली नाही. ‘आठ दिवस चालव, स्प्रिंग बसू दे, मग ये,’ म्हणाले. आठ दिवसांनी पुढच्या सीटवर धाकट्याला बसवून आकडे घेतले. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद हातात दिले आणि एक सवय लावून घ्यायला सांगितली. महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, वाकायचं आणि पुढच्या टायरची आतली कड पाहायची. बाहेरची कड रस्त्यानं जाणारा कुणीही पाहतो.

गाडी घेऊन निघताना धाकट्यानं किल्ली आईपुढे धरली. ‘तू चालव. तुझ्या हाताला कळेल.’

आई बसली. गावाबाहेरच्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर तिनं मागे-पुढे पाहून घेतलं, वेग कमी केला आणि स्टिअरिंगवरची पकड क्षणभर सैल केली. गाडी सरळ गेली. मग अगदी हळूच, रस्त्याच्या उताराबरोबर, डावीकडे झुकली.

‘ठीक आहे,’ आई म्हणाली.

मागच्या सीटवर आज्जी होती. खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, ‘चला, आता रस्ता दिसायला लागला बाई. इतके दिवस नुसती लोकांची चाकंच दिसत होती.’

धाकट्याच्या टेबलावर आता कापलेल्या स्प्रिंगचा एक तुकडा असतो. कागद उडू नयेत म्हणून तो वर ठेवतो. त्याखाली अलाइनमेंटचे दोन कागद असतात. बाबा अधूनमधून ते काढून बघतात. आणि लाल काही दिसलं, तर आता विचारतात.